शेजारी मोठा गृहप्रकल्प येतोय? पर्यावरणाची हरकत अशी घ्या

‘जनसुनावणी लागली की बघू’ असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत इमारती आणि टाउनशिपना जनसुनावणीतून सूट आहे. तुम्हाला कुणीही बोलावणार नाही. लेखी हरकत द्यायची आणि तीही अर्ज तपासणाऱ्या राज्य तज्ज्ञ समितीच्या बैठकीआधी.

गट नंबर काढा, पर्यावरण मंजुरीचे अर्ज जिथे दाखल होतात त्या केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बिल्डरचा अर्ज शोधा.

अर्जच नसेल तर क्षेत्र मोजा. २०,००० चौरस मीटरपासून पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात फक्त एफएसआय (चटई क्षेत्र) नव्हे, तळघर आणि सेवा-सुविधांची जागाही धरतात. एकाच प्रकल्पाचे प्रत्येकी १९ हजार चौरस मीटरचे टप्पे पाडले असतील तर बेरीज करूनच तक्रार द्या. मंजूर नकाशे माहिती अधिकारात मागा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत.

आता हरकत लिहिणं. बहुतेक सोसायट्या इथेच हरतात. ‘निसर्गाची हानी होईल, गर्दी वाढेल’ या वाक्याखाली पाचशे सह्या असल्या तरी समितीला त्यात तपासण्यासारखं काही सापडत नाही. प्रत्येक मुद्दा अर्जातल्या पानाला बांधा: अमुक पानावर हे लिहिलंय, जागेवर हे आहे, हा पुरावा.

ओढ्याचंच घ्या. लेआउटवर तो गायब असतो, नाहीतर कडेने गटारासारखा सरळ वळवलेला. भूमी अभिलेखातून गाव नकाशाची नक्कल आणून लेआउटशेजारी जोडा. फोटो जुलै-ऑगस्टमध्येच काढा, तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसतील असे. मे महिन्यात तिथे झुडपांनी भरलेला कोरडा चर दिसतो आणि तोच फोटो ‘इथे ओढा नाही’ म्हणून तुमच्यावर उलटतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर येऊन काय झालं ते आठवा. या मुद्द्यावर मागे हटू नका. नदीकाठचा भूखंड असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषाही त्याच नकाशावर आखा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

मग पाणी. ५०० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी रोज १३५ लिटर: ३,३७,५०० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे रोज ३४ टँकर. महापालिकेने बिल्डरला दिलेलं पाणीपुरवठ्याचं पत्र शब्दन् शब्द वाचा. ‘उपलब्धतेनुसार’ असं लिहिलं असेल तर पुरवठ्याची हमी नाही. ती ओळ जशीच्या तशी हरकतीत घाला.

झाडांवर नोटीस चिकटली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा. वृक्ष प्राधिकरणाकडे हरकतीला सातच दिवस मिळतात.

हरकत ईमेलने पाठवा, शिवाय हातोहात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर एकही नाही.