स्प्रिंगची ऊर्जा आपोआप वाढत होती

स्प्रिंगला जोडलेल्या वजनाचं सिम्युलेशन लिहिलं होतं. घर्षण नाही, वस्तुमान 1, स्प्रिंगचा स्थिरांक 1, टाइम-स्टेप (एका पायरीत वेळ किती पुढे सरकते, पुढे h) 0.01. तरी आंदोलनं फुगत गेली आणि 10,000 पायऱ्यांनंतर ऊर्जा 2.718 पट झाली.

आधी कोडमध्ये चूक शोधत बसलो. पण 2.718 म्हणजे e (नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया), आणि हा आकडा उगाच येत नाही. कागदावर मांडून पाहिलं: मी वापरलेल्या साध्या ऑयलर पद्धतीत (स्थान आणि वेग दोन्ही जुन्याच आकड्यांवरून पुढे नेतात) इथे दर पायरीला ऊर्जा 1 + h² पट होते, म्हणजे 1.0001 पट; 10,000 वेळा तसं झालं की जवळपास e पट. स्टेप निम्मी केली तरी तेवढ्याच वेळात 1.65 पट होतेच.

उपाय दोन ओळींचा. आधी वेग बदलायचा आणि मग त्याच नव्या वेगाने स्थान पुढे न्यायचं. एवढ्यावर ऊर्जा अर्ध्या टक्क्याच्या आत वरखाली होत राहिली, वाढत मात्र गेली नाही.

मग वेलॉसिटी व्हर्ले ही दुसरी प्रसिद्ध पद्धत (वेग अर्धा बदलायचा, स्थान पुढे न्यायचं, मग वेगाचा उरलेला अर्धा बदल) वापरून पाहिली. फरक 0.0025 टक्क्यांवर आला! मला वाटलं, ही वेगळीच पद्धत असणार. पण दुरुस्त केलेली ऑयलर, वेलॉसिटी व्हर्ले आणि लीपफ्रॉग (यात वेग अर्ध्या पायरीच्या क्षणांना मोजतात) या तिन्हींमधून वेग काढून टाकला की एकच सूत्र उरतं: पुढचं स्थान = 2 × आताचं − मागचं + h² × त्वरण. दुरुस्त ऑयलरला सुरुवातीचा वेग अर्ध्या स्टेपने मागे सरकवून दिला, तर तिची आणि व्हर्लेची स्थानं राउंडिंगपुरता फरक सोडून तंतोतंत जुळली. आधीचा अर्धा टक्का हा वेग आणि स्थान वेगवेगळ्या क्षणांचे धरून ऊर्जा मोजल्याचा होता.