स्टेज मोजलं, दरवाजा राहिला

डेकोरेशनच्या कामात उतरताय म्हणजे फुलं, कापड, लाइटिंग यांतलं थोडंफार तुम्हाला कळत असणारच. मला पहिल्याच मोठ्या लग्नात जिथे फटका बसला, ते मात्र नीट वाचा.

बॅकड्रॉपसाठी, म्हणजे स्टेजच्या मागच्या सजावटीसाठी, 8 फूट व्यासाची लोखंडी रिंग अखंड वेल्ड करून घेतली होती. स्टेज तीनदा मोजलं होतं. हॉलच्या दरवाजाचं माप फोनवर विचारलं, उत्तर मिळालं, '7 बाय 7 फूट, दोन्ही फळ्या उघडतात.' पहाटे टेम्पो लागला तेव्हा एका फळीला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे, तो माणूस फोन उचलेना. उरली साडेतीन फुटांची वाट. रिंग तिरकी केली, आडवी केली, तरी जाईना. जाणारच नव्हती. साडेतीन बाय 7 च्या चौकटीचा कर्ण पावणेआठ फुटांच्या जरासा वर भरतो, आणि रिंग 8 ची. दोन्ही फळ्या उघड्या असत्या तर आरामात गेली असती. शेवटी ग्राइंडरने कापली, आत पाइपाचे तुकडे घालून तारेने आवळली. ती लंबगोल उभी राहिली. सांध्यांवर फुलं वाढवली, पण त्या लग्नाचे फोटो बघवत नाहीत अजून.

म्हणून टेम्पो उभा राहतो तिथून स्टेजपर्यंतची अख्खी वाट टेप घेऊन चाला. गेटची उंची, जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, लिफ्टची आतली खोली, छताचा बीम, एसीचा डक्ट. दरवाजाच्या दोन्ही फळ्या स्वतः उघडून बघा. किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस पहाटे येणार का, हे विचारून लिहून ठेवा. फोनवरचं माप हे माप नव्हेच.

फोटो दाखवून 'अगदी असंच हवं' म्हणणाऱ्या पार्टीला जागा बघितल्याशिवाय हो म्हणू नका. फोटोत छत दिसत नाही.

पंधरा दिवसांच्या कोर्सवर माझा विश्वास नाही. एखाद्या जुन्या मंडपवाल्याकडे एक सीझन हेल्पर म्हणून राबा, आणि लग्नानंतर डेकोरेशन उतरवायच्या रात्री घरी पळू नका. काय तुटलं, भाड्याचं किती होतं, कुठला सांधा ढिला होता, हे तेव्हाच कळतं. शिकवायला तो वेळ देणार नाही, बघत राहा.

आणि घाबरू नका. त्या दिवशी मला वाटलं होतं, संपलं सगळं. पण मुलीच्या वडिलांनी दुपारी स्वतः येऊन जेवलास का विचारलं, आणि पुढचं काम त्यांच्याच ओळखीतून आलं.

आता रिंग चार तुकड्यांत करून घेतो. एकेक तुकडा टोकापासून टोकापर्यंत पावणेसहा फुटांच्या आत बसतो. सांध्याला आत स्लीव्ह, म्हणजे दोन्ही टोकांत घुसणारा पाइपाचा तुकडा, आणि वर नटबोल्ट. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही टोकांना रंगाने एकच आकडा टाकतो, म्हणजे अंधारातही पोरं चुकत नाहीत.