सरकारी व्यसनमुक्ती उपचार घेताना या चुका टाळा

"उद्यापासून बंद!" म्हणत बाटली मोरीत ओतली जाते आणि तिसऱ्या रात्री तोच माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडत उठतो. मग धावपळ करून सिव्हिल गाठायचं, तेही रात्री, जेव्हा मानसोपचार विभाग बंद असतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तरीही पुष्कळांचे उपचार वाया जातात, कारण कधी जायचं, काय सांगायचं आणि घरी परतल्यावर काय करायचं, इथे चूक होते.

डॉक्टरांना न दाखवता दारू एकदम तोडणे

सर्वांत धोक्याची चूक हीच. दारू मेंदूला दाबून ठेवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाला तोंड द्यायला स्वतःची उत्तेजना वाढवून बसलेला असतो. दारू अचानक गेली की दाब उठतो आणि उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. झटक्यांचा, म्हणजे फिट येण्याचा, धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. भास, बरळणं, ताप, माणसं न ओळखणं ही गंभीर अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. म्हणून "दोन दिवस काढले, आता सुटला" असं समजू नका.

सकाळी उताऱ्याशिवाय हात स्थिर होत नसतील किंवा पूर्वी कधी झटका आला असेल, तर घरी प्रयोग नको. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळीच ओपीडी गाठा. तिथे डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या मोजून देतात आणि काही दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. याच गोळ्या मेडिकलवरून आणून मनाने घेतल्या, तर दारूच्या जागी गोळीचं व्यसन लागतं. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. झटका किंवा भास सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

"अशक्तपणा आलाय" म्हणून नुसतं सलाईन लावून आणणे

बरेच दिवस जेवणाऐवजी दारूच पोटात गेली, की शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. अशा माणसाला थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना झोक जाणं, नजर स्थिर न राहणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही तिची लक्षणं. सलाईन लावणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा: "हा रोज पितो, आधी थायमिन द्या." लाजून "ताप होता" म्हणालात, तर डॉक्टरांना कळणार कसं?

चुकीच्या दारी, रिकाम्या हाताने जाणे

तालुक्याहून थेट पुनर्वसन केंद्राकडे पळू नका. झटक्यांचा इतिहास, कावीळ, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर पहिले दिवस रुग्णालयातच काढायला हवेत. जिल्हा रुग्णालयाचा किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग हे पहिलं दार. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. केंद्र सरकारच्या अनुदानावर संस्था चालवतात ती निवासी केंद्रं यापुढचा टप्पा. कुठे काय आहे ते १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनच्या निःशुल्क क्रमांकावर विचारा. मनाची घालमेल असेल तर १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं. फोनवरच विचारून घ्या: कॉट रिकामी आहे का, सोबत कोणी राहावं लागतं का, पैसे लागतात का.

सोबत आधार कार्ड, जुने केस पेपर आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. शेवटचं पिणं कोणत्या वेळी झालं ते कागदावर लिहून ठेवा.

प्रमाण कमी सांगणे

"थोडी घेतो" यावरून गोळीचा डोस ठरत नाही. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बिअरच्या दीड बाटल्या आणि एक क्वार्टर सारख्याच. "बिअरच तर घेतो" म्हणणाऱ्यालाही तोच त्रास होतो. प्रमाण कमी सांगितलं, तर गोळी कमी पडते आणि वॉर्डातच झटका येतो. तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध हेही सांगा.

जेवणात चोरून "दारू सोडवायची" गोळी घालणे

वैतागलेल्या बायकोला किंवा आईला हा मार्ग कोणीतरी सुचवतंच, आणि तिच्या हतबलतेचा राग कोणी करू नये. पण डायसल्फिराम ही गोळी न सांगता देण्याची नाहीच. ती पोटात असताना दारू गेली, तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं: चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. हृदय किंवा यकृत कमकुवत असेल, तर मृत्यूही येऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. रुग्णाने समजून होकार दिला, किमान १२ तास दारू घेतलेली नाही आणि तपासण्या झाल्या, तरच डॉक्टर ती सुरू करतात. मग अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, टॉनिक, आसव-अरिष्टंही वर्ज्य. जाहिरातीतल्या नावाविना पुड्यांत काय असतं ते कोणी तपासलेलं नसतं. त्या घेऊच नका.

गर्द सोडताना ब्युप्रेनॉर्फिनची घाई

सरकारी केंद्रांत ब्राउन शुगर (गर्द) किंवा नशेचं इंजेक्शन घेणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन ही गर्दची ओढ शमवणारी गोळी देतात. गर्दचा अंमल अंगात असताना ती घेतली, तर ती गर्दला मेंदूतल्या जागेवरून हटवते आणि थोड्याच वेळात भयंकर ओढ, जुलाब, अंगदुखी सुरू होते. रुग्ण म्हणतो, "औषधानेच मारलं," आणि पुन्हा येत नाही. म्हणून शेवटच्या डोसनंतर साधारण १२ ते २४ तास जाऊन जांभया, नाक गळणं, काटा येणं दिसू लागलं, की मगच पहिली गोळी. ती जिभेखाली पूर्ण विरघळू द्यावी. गिळली तर फुकट जाते.

"हेही व्यसनच" म्हणून महिनाभरात ती बंद करायला लावू नका. बंद केल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मग गर्दचा जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येतं.

रात्री गाडी पाठवून उचलून नेणे

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांशी निगडित आजार येतात. संमतीविना दाखल करायला नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. कलम ८९ प्रमाणे हा मुक्काम ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधणं कलम ९५ ने बंद आहे. केंद्रात फोन व भेट नाकारत असतील किंवा नोंदणी प्रमाणपत्र दाखवत नसतील, तर रुग्णाला तिथे ठेवू नका.

डिस्चार्ज म्हणजे बरा झाला असं समजणे

वॉर्डात अंगातली दारू उतरते. ओढ उतरायला महिने लागतात. पुढची तारीख केस पेपरवर लिहून घ्या आणि त्या दिवशी कामाची रजा आधीच ठरवा. पगाराचा दिवस, लग्न, जत्रा यांच्या आदल्या दिवशी समुपदेशकाशी बोला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आपसांतल्या मदतगटाच्या सभेला फी नसते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर "महिनाभर प्यायला नाही" म्हणून ती मनाने बंद करू नका.

आणि एखाद्या संध्याकाळी तो पिऊन आलाच, तर त्या रात्री भांडण नको, शपथाही नकोत. किती घेतली ते विचारून लिहून ठेवा, डायसल्फिराम चालू असेल तर लगेच रुग्णालयात न्या, नाहीतर सकाळी तोच जुना केस पेपर घेऊन त्याच ओपीडीत जा.