वाढत्या शहरातील निवासी भूवापराचा बदल कसा अभ्यासावा

शहर वाढते तेव्हा घरांसाठी वापरली जाणारी जमीन बाहेरच्या बाजूला पसरते, हे सर्वांनाच दिसते. जुन्या वस्तीत त्याच भूखंडांवर होणारा बदल मात्र सहज नजरेस येत नाही. दोन्ही बदल टिपायचे असल्यास संपूर्ण शहर एकदम हाती न घेता, मध्यवर्ती बाजारपेठेपासून शेतजमिनीपर्यंत जाणारा एक अरुंद पट्टा निवडावा. पट्ट्याची हद्द सुरुवातीलाच कायम करावी, कारण पालिकेची हद्द वाढली की निवासी क्षेत्राचे आकडे कागदावर आपोआप फुगतात.

त्यानंतर किमान तीन काळांतील नकाशे जमवावेत. जुन्या काळासाठी भूमापन नकाशे उपयोगी पडतात; 1972 नंतरच्या काळासाठी लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा आहेत आणि 2008 पासून त्या विनामूल्य मिळतात. मात्र त्यांतील प्रचलित 30 मीटर विभेदनात, म्हणजे प्रतिमेचा एक ठिपका जमिनीवरचा 30 मीटर बाजूचा चौरस दाखवतो तेव्हा, एकेक घर ओळखू येत नाही. शिवाय उपग्रहाला दिसते ते भूआच्छादन, म्हणजे छप्पर, झाड किंवा मोकळी माती. छपराखाली बिऱ्हाड आहे की गोदाम, हे त्यातून कळत नाही. म्हणून स्थलपाहणीला पर्याय नाही.

पाहणीत प्रत्येक इमारतीचा मजलानिहाय वापर नोंदवावा. तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि वर बिऱ्हाडे असलेल्या इमारतीला ‘निवासी’ असा एकच शिक्का मारला, तर अभ्यासाचा गाभाच हरवतो. केंद्राजवळच्या जागेला व्यापार अधिक भाडे देऊ शकतो, त्यामुळे तेथील घरे हळूहळू मागे हटतात किंवा वरच्या मजल्यांवर सरकतात. विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये मांडलेल्या भाडे-बोलीच्या सिद्धांताचा आधार हाच आहे.

क्षेत्रफळाबरोबर घनताही मोजावी. केंद्रापासून दूर जाताना लोकसंख्येची घनता घातांकी रीतीने, म्हणजे समान अंतरामागे समान प्रमाणात, घटते, असे कॉलिन क्लार्क यांनी 1951 मध्ये अनेक शहरांच्या आधारे दाखवले. वेगवेगळ्या वर्षांचे घनता आणि अंतर यांचे आलेख एकावर एक ठेवल्यास वाहतूक स्वस्त होत गेलेल्या शहरात उतार सौम्य होत गेलेला आणि व्यापाराने घरे हटवलेल्या केंद्रात खळगा पडलेला आढळतो.

शहरातील भूवापराची मांडणी सांगणारी काही प्रसिद्ध प्रारूपे आहेत: बर्जेस यांची 1925 मधील समकेंद्री वलये, हॉइट यांचे 1939 मधील वाहतूकमार्गांलगत पसरणारे विभाग, हॅरिस आणि उलमन यांचे 1945 मधील बहुकेंद्री प्रारूप. ही सारी उपयुक्त आहेत, पण ती अमेरिकी शहरांवरून घडलेली आहेत. आपला नकाशा पूर्ण झाल्यावरच त्यांच्याशी तुलना करावी. आधी प्रारूप ठरवून मग त्यात शहर कोंबण्याचा मोह विद्यार्थ्यांनाच होतो असे नाही.

वापर तोच राहून रहिवासी बदलतात, तेव्हा नकाशा काहीच सांगत नाही. लंडनमधील कामगारवस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागल्याची नोंद रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये केली, तेव्हा ती घरे आधीही घरेच होती आणि नंतरही. असा बदल पकडण्यासाठी जनगणनेतील व्यवसाय, कुटुंबाचा आकार आणि घराची मालकी यांचे तक्ते पट्ट्यातील प्रभागांशी जोडावेत.

शहराच्या कडेला आखणी होऊनही रिकामे पडलेले भूखंड आढळतील. त्यांना शेतीत किंवा निवासी वापरात न घालता स्वतंत्र वर्ग द्यावा आणि पुढच्या पाहणीत प्रथम तेच तपासावेत.