‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’ न अडखळता कसं म्हणायचं?

मराठी माध्यमातून वैद्यकीय शिक्षणाला आलेले विद्यार्थी मानेवरचा हा स्नायू बोटाने अचूक दाखवतात, पण तोंडी परीक्षेत त्याचं नाव घ्यायची वेळ आली की आवाज खाली जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अडचण ज्ञानाची नसते. इतका लांब शब्द तोडायचा कुठे आणि जोर द्यायचा कुठे, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

सुरुवात मानेपासून करा. डावा तळवा डाव्या गालावर टेकवा आणि चेहरा डावीकडे वळवत तळव्याला रेटा. उजव्या कानामागून छातीच्या मधल्या हाडाकडे तिरका उतरणारा दोरखंडासारखा स्नायू फुगून येईल. उजवा स्नायू चेहरा डावीकडे वळवतो, डावा उजवीकडे. त्यावर बोट ठेवूनच पुढे वाचा.

आता शब्द तोडा. हे नाव म्हणजे या स्नायूचा पत्ताच आहे. ‘स्टर्नो’ म्हणजे स्टर्नम, छातीचं मधलं हाड. ‘क्लायडो’ म्हणजे कॉलर बोन; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ किल्ली. ‘मॅस्टॉइड’ म्हणजे कानामागे हाताला लागणारा हाडाचा उंचवटा. बोट त्या त्या जागी नेत तिन्ही तुकडे वेगवेगळे म्हणा. जीभ आणि बोट एकाच वाटेने गेली की शब्द पाठ करावा लागत नाही.

सगळ्यात जास्त चूक मधल्या तुकड्यात होते. स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ ही अक्षरं शेजारी दिसली की आपण ‘क्लिडो’ किंवा ‘क्लेडो’ वाचतो. उच्चार आहे ‘क्लाय’. ‘हाइट’ या शब्दात हीच जोडी ‘आय’ होते. ‘कॅलायडोस्कोप’मध्ये तर ‘लायडो’ हा अख्खा तुकडा त्याच स्पेलिंगने येतो. तो शब्द चार वेळा मोठ्याने म्हणा आणि लगेच ‘क्लायडो’ म्हणा.

यानंतर जोर. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, इंग्रजीत तसं चालत नाही. या शब्दाचे सहा तुकडे पडतात: स्टर्‑नो‑क्लाय्‑डो‑मॅस्‑टॉइड. ‘स्टर्’ आणि ‘क्लाय्’वर मध्यम जोर, ‘मॅस्’वर सगळ्यात जास्त. ‘डो’ इतका हलका होतो की पुष्कळदा नुसता ‘ड’ ऐकू येतो. टेबलावर टिचकी मारत म्हणून पाहा: दोन हलक्या टिचक्या, तिसरी जोरात. ‘मॅस्’मधला स्वर ‘बॅट’मधला आहे, त्याचा ‘मास’ होऊ देऊ नका. आणि ‘ट’साठी जीभ मराठी ‘ट’इतकी मागे वळवू नका, वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवली की पुरे.

तरीही अडखळत असाल तर शब्द शेवटाकडून बांधा. टॉइड. मॅस्टॉइड. डोमॅस्टॉइड. क्लायडोमॅस्टॉइड. नोक्लायडोमॅस्टॉइड. मग पूर्ण. पुढून सुरुवात केली की श्वास आणि लक्ष दोन्ही मध्येच संपतात, आणि मुख्य जोर तर शेवटाजवळ आहे. उलट्या क्रमाने गेलं की आपण प्रत्येक वेळी ओळखीच्या भागाकडे जातो. माझ्या अनुभवात याइतका उपयोगी दुसरा सराव नाही.

मग एखाद्या इंग्रजी शब्दकोशाच्या संकेतस्थळावर उच्चार ऐका आणि स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून शेजारी ठेवा. उच्चारचिन्हांत शब्दाच्या वर लहान उभी रेघ दिसते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती मुख्य जोराच्या तुकड्याच्या आधी असते. ब्रिटिश उच्चारात ‘स्टर्’मधला ‘र’ जवळजवळ नाहीसा होतो, अमेरिकन उच्चारात ऐकू येतो. दोन्ही बरोबर आहेत. ‘ट्रकीआ’ आणि ‘ट्रेकिआ’ (श्वासनलिका) यांचंही तसंच: पहिला ब्रिटिश, दुसरा अमेरिकन. एक धरा आणि तोच ठेवा.

हीच तोडणी इतर शब्दांवर वापरा. ‘टेरिगॉइड’च्या (जबड्याचा स्नायू) सुरुवातीचा ‘पी’ मुका असतो, ‘सोअस’चाही (कमरेचा स्नायू). ‘झिफॉइड’ (स्टर्नमचं खालचं टोक) ‘एक्स’ने सुरू होतो, पण त्याचा उच्चार ‘जमीन’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे. ‘कॉक्सिक्स’मध्ये (माकडहाड) दोन ‘सी’ शेजारी आहेत; पहिला ‘क’, दुसरा ‘स’. आणि सुजेच्या आजारांच्या नावांच्या शेवटी येतं ते ‘आयटिस’, ‘इटिस’ नव्हे.

वॉर्डात डॉक्टर या स्नायूला नुसतं ‘एससीएम’ म्हणतात. तुम्हीही म्हणा, पण पूर्ण नाव एकदा तोंडात बसल्यावर.