पाणचट गार्ब्यूर दाट झालं
फ्रान्समधल्या पो शहरात राहायला आल्यापासून दर ऑक्टोबरात गार्ब्यूर नावाचं भाज्यांचं दाट सूप करते. बेआर्न या इथल्या प्रांतातल्या शेतकऱ्यांचं हे जेवण: कोबी, जवळच्या तार्ब शहराच्या नावाचा पांढरा घेवडा, गाजर, सलगम, बटाटा आणि हॅमचं हाड. वाढायचा डाव पातेल्यात मधोमध उभा राहावा, ही इथली दाटपणाची खूण. माझं मात्र पाणचट व्हायचं, कोबीचा उग्र वास घरभर. सगळं एकदम टाकायचे, तिथेच चुकत होतं.

आता घेवडा रात्रभर भिजवते, हाडाबरोबर मंद आचेवर दीड तास शिजवते, मग कंदभाज्या. कोबी शेवटच्या अर्ध्या तासात. दोन डाव घेवडा-बटाटा घोटून परत पातेल्यात. हाड खारट असतं, म्हणून मीठ अगदी शेवटी, चाखूनच.

काल दाणा बोटांत दाबला, लोण्यासारखा विरघळला. डाव उभाच राहिला!