बीएमएक्सचं स्प्रॉकेट बदलताय? या चुका टाळा

चवथ उरकली आणि पाऊस ओसरला की गोव्यातल्या सायकल दुकानांत एक ठराविक गिऱ्हाईक येऊ लागतं. वय चौदा-पंधरा, हातात मोबाईल, मोबाईलवर कुणा परदेशी बीएमएक्स (उड्या-कसरतींची लहान चाकांची सायकल) रायडरचा व्हिडिओ, आणि मागणी एकच : "ह्याच्या सायकलीला आहे तसं बारकं चक्र बसवून द्या." दुकानदार बसवून देतो. थोड्याच दिवसांत सायकल परत येते, कारण पाय गरागरा फिरतात आणि सायकल काही पुढं सरकत नाही.

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे पॅडलजवळचं दातेरी चक्र, डोळ्यांत भरतं, मागचं चाकाच्या आड लपलेलं असतं. त्यामुळे सगळा विचार पुढून सुरू होतो. तो मागून करायचा असतो : आधी हब (मागच्या चाकाचा मधला भाग), मग मागचे दाते, मग तुम्ही सायकल चालवता ते ठिकाण, आणि शेवटी पुढचे दाते. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यानेच होतात.

फक्त पुढचे दाते मोजणं

हिशेब सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते. जुन्या बीएमएक्सवर ४४/१६ असायचं, म्हणजे २.७५. हल्लीच्या सायकलींवर २५/९ असतं, म्हणजे २.७८. पॅडलचा एक फेरा मारला की दोन्ही सायकलींचं मागचं चाक साधारण पावणेतीन वेळा फिरतं. एकीकडे जेवणाच्या ताटाएवढं चक्र, दुसरीकडे तळहाताएवढं, पण पायाला दोन्ही जवळपास सारखीच लागतात. २८/१०, ३०/११, ३३/१२, ३६/१३ ही सगळी त्याच घरातली भावंडं, २.७२ ते २.८० च्या आतली.

आता त्या पोराचं काय झालं ते बघा. त्याच्या मागच्या चाकावर १६ दात्यांचं फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) होतं तसंच राहिलं आणि पुढचं ४४ वरून २५ वर आलं. २५ भागिले १६ म्हणजे १.५६. वीस इंची चाकाचा जाड टायरसकट परीघ साधारण १.६ मीटर धरा. आधी पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ४.४ मीटर जायची, आता अडीच मीटर जाते. मिनिटाला ९० फेरे मारले तर आधी ताशी २४ किलोमीटर, आता साडेतेरा. पणजीहून रायबंदरच्या सपाट, सरळ रस्त्यावर अशी सायकल चालवून बघा. पाय मोडतील आणि शेजारून शाळकरी मुलगी साध्या सायकलीवर आरामात पुढं निघून जाईल.

दाते मोजायचा कंटाळा असेल तर दुसरा उपाय आहे. अंगणात सायकल उभी करा, मागच्या टायरचा व्हॉल्व्ह जमिनीला टेकेल असा ठेवा, तिथं खडूने खूण करा. सायकल हातानं मागं ढकलत पॅडलचा बरोबर एक उलटा फेरा होऊ द्या (पुढं ढकलली तर पॅडल फिरणारच नाही) आणि चाक कुठवर गेलं ते टेपनं मोजा. ४.२ ते ४.६ मीटर आलं तर नेहमीच्या बीएमएक्सचं गिअरिंग आहे. तीनच्या आत आलं तर कुणीतरी पुढूनच विचार केलेला आहे.

हब काय घेईल ते न बघता माल आणणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ऑनलाइन मागवलेला भाग परत पाठवताना जो वैताग येतो तो वेगळाच.

मागचं चाक दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारात हबवर आटे असतात आणि फ्रीव्हील त्यावर फिरवून बसवतात. दुसऱ्या प्रकारात कॅसेट हब असतं, त्यात ड्रायव्हर नावाचा एकसंध तुकडा बसतो आणि दाते त्या तुकड्यावरच कोरलेले असतात. ९ दाते पाहिजेत तर कॅसेट हबच पाहिजे. आट्याच्या हबवर ९ दात्यांचं फ्रीव्हील बसूच शकत नाही, कारण हबचे आटेच त्याहून रुंद असतात.

आट्यांतही भानगड आहे. १६ किंवा जास्त दात्यांची फ्रीव्हीलं नेहमीच्या १.३७ इंच, २४ आट्यांच्या मापावर बसतात. १४ आणि १३ दात्यांच्या फ्रीव्हीलला ३० मिलिमीटरचे बारीक मेट्रिक आटे लागतात. काही हबना एका बाजूला एक माप आणि दुसऱ्या बाजूला दुसरं असतं. अशा हबचं चाक उलटं करून घातलं की काम होतं. तुमच्या हबला तशी सोय नसेल तर १४ दात्यांचं फ्रीव्हील घेऊ नका. दुकानदार "बसवतो की" म्हणाला तरी नको. आटे ओढूनताणून बसवले की हब कायमचं गेलं.

बाजारात बीएमएक्स म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलींत आणखी एक अडचण असते. पुढचं स्प्रॉकेट उजव्या क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) दाबून कायमचं पक्कं केलेलं असतं आणि क्रँक कॉटर पिनवर असतो. तिथं नुसतं स्प्रॉकेट बदलता येत नाही, अख्खा उजवा क्रँक बदलावा लागतो. अशा सायकलीवर पैसे घालण्यापेक्षा मागं वेगळ्या दात्यांचं फ्रीव्हील टाकणं शहाणपणाचं. १८ चं काढून १६ चं टाकलं तरी फरक चांगला जाणवतो.

दुसऱ्याचा आकडा उचलणं

रेसवाले आणि पार्क-स्ट्रीटवाले (फ्रीस्टाईल, म्हणजे कसरती करणारे) एकाच नावाची सायकल चालवतात, पण त्यांच्या गरजा वेगळ्या. बीएमएक्स रेसिंग २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला आलं आणि फ्रीस्टाईल टोकियोत. रेसवाला आठ मीटर उंच उतारावरून सुटतो आणि वेगातच पुढचे उंचवटे पार करतो, त्याला जड गिअर परवडतो. तुम्हाला आल्तिनोचा चढ बसून चढायचा असेल तर त्याचा आकडा तुमच्या काय कामाचा?

चाकाचा व्यासही विसरू नका. २५/९ हे वीस इंची सायकलीसाठी ठीक आहे. तेच चोवीस इंची क्रूझरवर लावलं तर पॅडलच्या एका फेऱ्यामागं पाचवा हिस्सा जास्त अंतर पडतं, म्हणजे तितकंच जड लागतं. धाकट्या भावाच्या सोळा इंचीवर लावलं तर तितकंच हलकं.

माझं मत सांगतो. मिरामार ते दोनापावला असा सपाट फेरा जास्त असेल आणि मधूनच कुठं उड्या मारायच्या असतील तर २.७५ च्या आसपास राहा. पर्वरी, बांबोळी, आल्तिनो असा रोजचा चढउतार असेल तर २.५ ते २.६ बघा, म्हणजे मागं ९ असताना पुढं २३. त्याहून हलकं करायचा मोह आवरा. आणि बदल करायचा तो पुढून, एकेक दाता करून. मागं ९ चे १० केले तर एका फटक्यात दहा टक्के फरक पडतो. पुढं २५ चे २६ केले तर फक्त चार. मागचा एक दाता हा पुढच्या जवळपास तीन दात्यांच्या बरोबरीचा, हे लक्षात ठेवलं तर अर्धा गोंधळ संपतो.

जितकं बारीक तितकं चांगलं, असं मानणं

लहान स्प्रॉकेटचे फायदे खरे आहेत. वजन कमी, आणि कठड्यावर किंवा पायरीवर सायकल घासवताना ते आपटत नाही. २५ दात्यांचा व्यास सुमारे १० सेंटीमीटर, ४४ दात्यांचा जवळपास १८. पण याची किंमत चेन मोजते.

१७५ मिलिमीटरच्या क्रँकवर ६० किलोचा माणूस एका पॅडलवर उभा राहिला, तर ४४ दात्यांच्या चक्रावर चेनला साधारण १२० किलोचा ताण बसतो. २५ दात्यांवर तोच ताण २०० किलोच्या पुढं जातो. माणूस तोच, जोर तोच, पण चेन ओढणारी त्रिज्या अर्ध्याच्या आसपास आलेली. आणि मागं हा ताण वाटून घ्यायला दातेच नऊ, त्यातले चेनमध्ये गुंतलेले तर त्याहून कमी.

कोरड्या प्रदेशात हे खपून जातं. आपल्याकडं समुद्राचा खारा वारा, चार महिने पाऊस आणि तांबड्या मातीची धूळ. गंज आणि धूळ मिळून चेनच्या पिना खातात आणि छोट्या ड्रायव्हरवर ते आधी कळून येतं. म्हणून कठड्यावर घासवायची सायकल नसेल तर मी गोव्यात २५/९ ऐवजी २८/१० किंवा ३०/११ सुचवीन. पायाला फरक नाही, चेन जास्त टिकते. दुकानात ही मापं मिळायला थोडी खटपट पडते, एवढंच.

जाता जाता, चेनला खोबरेल तेल लावू नका. घरोघरी ते हाताशी असतं म्हणून लावलं जातं, पण ते धूळ धरतं आणि डिसेंबरातल्या पहाटे घट्टही होतं. मोटारसायकलचं काळं, वापरलेलं ऑईल तर त्याहून वाईट. किनाऱ्यावरून आलात तर गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं चेन पुसा, सुकवा, मग चेनचं पातळ तेल एकेक कडीवर थेंबभर.

भोकाचं माप आणि बुश

बहुतेक बीएमएक्स स्प्रॉकेटचं मधलं भोक २४ मिलिमीटरचं असतं. क्रँकचा स्पिंडल (मधला आडवा दांडा) मात्र १९, २२ किंवा २४ मिलिमीटरचा असू शकतो. मधली फट भरायला पातळ रिंग मिळते, तिला बुश म्हणतात. ती पाकिटातून सांडते, हरवते, किंवा घाईत तशीच राहते आणि बोल्ट आवळून काम उरकलं जातं. २२ च्या स्पिंडलवर बुश नसेल तर स्प्रॉकेट एका बाजूला एक मिलिमीटर सरकतं, १९ वर अडीच. मग पॅडल फिरवताना चेन एका जागी ताठ आणि समोरच्या जागी सैल होते. लोक चेनला दोष देतात.

चेनच्या चुका

बीएमएक्सला अर्धा इंच पिचची (दोन पिनांमधलं अंतर), एक अष्टमांश इंच रुंदीची चेन लागते. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन या दात्यांवर नीट बसत नाही, वर चढून घसरते. आपल्या साध्या, उंच दांड्याच्या सायकलीची चेन मात्र याच मापाची असते, त्यामुळे अडीअडचणीला ती चालते. उड्या मारायच्या असतील तर चांगल्या प्रतीची घ्या.

नवं स्प्रॉकेट आणि जुनी चेन ही जोडी कधी लावू नका. चेन झिजली की लांबते. पट्टीनं एका पिनेपासून बारा इंच मोजा. बारावा इंच पिनेच्या मध्यावर आला तर चेन ठणठणीत. पिन बाराव्या इंचाच्या दीड मिलिमीटर पुढं गेली तर चेन बदला, दाते वाचतील. तीन मिलिमीटर पुढं गेली तर चेन आणि ड्रायव्हर दोन्ही बदलायची वेळ झाली आहे.

लांबीचा हिशेबही आधी करा. पुढं एक दाता वाढला की मागचं चाक साधारण तीन मिलिमीटर पुढं सरकावं लागतं. २५ चे २८ केले तर जवळपास एक सेंटीमीटर. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये एक अर्धी कडी वाढवा, चाक सहा मिलिमीटर मागं येईल.

बसवल्यावर कुरकुर असेल तर

जोर लावला की खट्कन दाता सुटतो : चेन किंवा ड्रायव्हर झिजलेला आहे, वर सांगितलं तसं मोजा. दोन्ही नवे असतील तर चेन सैल आहे.

चेन पडते : सायकलीच्या मागं उभं राहून बघा, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का. नसतील तर पुढच्या स्प्रॉकेटमागं पातळ वॉशर घाला किंवा काढा. हातानं चेन वाकवून जमवू नका.

ताठ-सैल होतं : आधी बुश बघा. चार-पाच बोल्टांवर बसणारं स्प्रॉकेट असेल तर बोल्ट किंचित सैल करा, चेन सर्वांत ताठ असते तिथं स्प्रॉकेटला लाकडी हातोडीनं हलकं ठोका, पुन्हा आवळा. चेन ताठ असते त्या जागी मधोमध बोटानं दाबली तर सेंटीमीटरभर खालीवर व्हायला हवी, त्याहून घट्ट नको.

स्प्रॉकेट फ्रेमला घासतं : दाते जास्त झाले. हल्लीच्या फ्रेमा लहान स्प्रॉकेट धरूनच बनवलेल्या असतात, त्यात ४४ बसत नाही. फ्रेमची नळी हातोडीनं चेपून जागा करणारे कारागीर आहेत. त्यांना करू देऊ नका.

क्रँक सुटत नाही : एकाच सळईतून वाकवलेल्या क्रँकला डावीकडचं नट उलट्या आट्याचं असतं, डावं पॅडलही तसंच. दोन्ही घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतात. पाना घेऊन झटापट करण्याआधी दिशा तपासा.

चाक पुढं-मागं सरकवल्यावर ब्रेकचे रबर रिमवरून हलतात. एक्सलची नटं आवळली (१४ मिलिमीटरच्या एक्सलला १७ चा पाना लागतो) की रबर रिमच्या मधोमध आणा आणि घराच्या अंगणातच दोनतीनदा ब्रेक दाबून बघा, मग उताराला लागा.